सुरी लागली की नियम बदलतात: आखाडातल्या दोनशे कोंबड्यांचा हिशोब

घरी कोंबड्या वाढवून विकायच्या म्हणलं की लोक पहिलं टॅक्सचंच विचारतात. मी सोलापुरात रिटर्न भरायचं काम करतो, त्यामुळे मला तर हेच विचारणार म्हणा. पण २०२५ च्या पावसाळ्यातलं एका नवरा-बायकोचं प्रकरण पूर्ण कागदावर मांडलं तेव्हा टॅक्स आला शून्य, आणि तरीपण हातात जवळजवळ काहीच उरलं नाही, आणि नियम जिथं असतील म्हणून ते दोघं घाबरत होते तिथं नव्हतेच, भलत्याच ठिकाणी निघाले. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. नाव-गाव सांगत नाही, दादा आणि वहिनी एवढंच म्हणतो.

दादा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, पगार वर्षाचा ३ लाख ४० हजाराच्या आसपास. घर बार्शी रोडच्या बाजूला, महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणजे ग्रामपंचायत. घरामागं थोडी जमीन, त्यात ज्वारी आणि जरा मका. दादानं बोनस आणि थोडी शिल्लक मिळून ४५ हजारात २२ बाय १० फुटाचं पत्र्याचं शेड मारलं, जाळी, भांडी, पाण्याचे ड्रिंकर सगळं धरून. ब्रॉयलरला (मांसासाठी वाढवायची कोंबडी) पक्ष्यामागं साधारण एक चौरस फूट जागा लागते, त्या हिशोबानं २०० पक्षी बसतात. एप्रिल-मे मध्ये पिल्लं टाकली नाहीत हे एक बरं केलं, कारण सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ डिग्रीला जातो आणि पाच आठवड्यांचं ब्रॉयलर त्या उन्हात दुपारी माना टाकतं, पत्र्याखाली तर विचारूच नका.

पिल्लं आली ८ जूनला, मृगाच्या तोंडावर. तारीख वहिनींनी काढली होती, आणि ती भारी काढली होती. २०२५ ला आषाढी एकादशी ६ जुलैला होती, आपला जिल्हा पंढरपूरचा, वारीच्या दिवसात बऱ्याच घरात खात नाहीत. एकादशी झाली की आखाड पार्ट्या सुरू. गटारी २४ जुलैला पण ती आली गुरुवारी, म्हणजे खरा धंदा रविवार २० आणि बुधवार २३ जुलैचा, आणि २५ पासून श्रावण. ८ जूनपासून ४२ दिवस मोजले की बरोबर २० जुलै. ब्रॉयलर ४२ दिवसात दोन किलोच्या वर जातं. तारखेचं गणित पक्कं होतं, गडबड पुढं झाली.

आता खर्च. पिल्लू ३८ रुपयाला एक, २०० चे पैसे आणि ४ वरती फुकट (दोन टक्के जास्त द्यायची पद्धत आहे), गाडीभाडं ४०० धरून ८,०००. खाद्य १४ पोती, ५० किलोचं पोतं सरासरी २,०५० ला, म्हणजे २८,७००. हे दोन आकडे दादाला तोंडपाठ. बाकीचे मी खोदून खोदून काढले: लस आणि औषधं १,३०० (पहिल्या आठवड्यात लासोटा, दुसऱ्यात गंबोरो, परत एकदा लासोटा, वर व्हिटॅमिन), खाली पसरायला भुसा ९००, पहिल्या दोन आठवड्यांचे उबेचे बल्ब आणि पाण्याची मोटर मिळून लाईट १,१००, चुना-जंतुनाशक-गूळ-रद्दी ४००. शेडचे ४५ हजार पाच वर्षं आणि वर्षाला पाच बॅच असे वाटले तर एका बॅचवर १,८०० येतात. सगळं मिळून ४२,२००.

२०४ पैकी १४ मेली. सात टक्के. चांगल्या फार्मला चार-पाच टक्क्यात भागतं, पण घरच्या पहिल्या बॅचला सात म्हणजे वाईट नाही, त्यातली निम्मी तर एका रात्री लाईट गेली आणि पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढली तेव्हाची. राहिले १९० पक्षी, सरासरी २ किलो १०० ग्रॅम, म्हणजे ३९९ किलो जिवंत माल. ४२,२०० भागिले ३९९ केलं की किलोला जवळपास १०६ रुपये पडले. हा आकडा विक्रीच्या आधी काढायचा असतो. यांनी विकून झाल्यावर माझ्याकडनं काढून घेतला.

कारण व्यापारी दारात येऊन ९२ ला मागत होता. मोठ्या फार्मवाल्याला ९२ कदाचित परवडेल, त्याचं खाद्य गाडीनं येतं आणि एक किलो वजनाला दीड-पावणेदोन किलोच्या आत खाद्य बसवतो, यांना तेच पावणेदोन किलोच्या वर गेलं, शिवाय पोतं सुट्टं घेतलेलं. म्हणजे सगळा माल व्यापाऱ्याला दिला असता तर साडेपाच हजार खिशातनं गेले असते. वहिनींनी त्याला नाही म्हणून सांगितलं आणि किरकोळ विकायचं ठरवलं. इथून पुढं प्रकरण रंगतं.

विक्री अशी झाली. ४० पक्षी जिवंत, शेजारीपाजारी आणि पाहुण्यांना, १३० रुपये किलोनं, १०,९२०. ९० पक्षी कापून साफ करून, २२० रुपये किलो. दोन किलो शंभरचा पक्षी कातडं काढून एक किलो चारशेच भरतो, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात नसतं, तिसरा हिस्सा पिसं-कातडं-आतडी यातच जातो. तर ९० पक्ष्यांचे २७,७२० आले. कापायला एका चिकन दुकानातला पोरगा घरी बोलावला होता, पक्ष्याला २५ रुपये, त्याचे २,२५०, पिशव्या आणि बर्फ ७२०. दहा पक्षी घरी खाल्ले आणि वाटले. आणि राहिले ५०.

हे ५० का राहिले, तर लोकांनी तोंडी सांगितलं होतं, "वहिनी आमचे दोन ठेवा", "आमचे चार". ॲडव्हान्स एकाचाही नाही. रविवारी एकटा पोरगा कापतोय, ६२ पक्षी कापायला दुपारचे दोन वाजले, लोक थांबणार थोडीच, दहा वाजता पिशवी घेऊन आलेला माणूस साडेदहाला दुसऱ्या दुकानात. बुधवारी २८ कापले. आणि शुक्रवारपासून श्रावण लागला. त्या ५० पक्ष्यांनी तोपर्यंत २,३५० रुपयांचं आणखी खाद्य खाल्लं, वजन गेलं २ किलो ६०० वर, आणि २६ जुलैला त्याच व्यापाऱ्यानं ७८ रुपयानं उचलले. १०,१४०. ब्रॉयलरला थांबवून ठेवता येत नाही, हरभरा नाही तो की भाव येईपर्यंत कणगीत ठेवला.

एकूण विक्री ४८,७८०, वर शेडातलं खत २५ पोती ६० रुपयानं, १,५००. बेरीज ५०,२८०.

दादा मला म्हणाला, "साडेतेरा हजार सुटले बघ." तो पिल्लं आणि खाद्य सोडून दुसरं काही वजाच करत नव्हता. बाकीचं सगळं वजा केलं, कापणावळ, पिशव्या, लाईट, औषध, शेडचा घसारा, शेवटचं जादा खाद्य, तर राहिले २,७६०. घरी गेलेल्या दहा पक्ष्यांची किंमत धरली तर पाचेक हजार म्हणा. आणि यात वहिनींची पहाटे पाचपासूनची सात आठवड्यांची मजुरी एक रुपया पण धरलेली नाही. हे सांगितल्यावर दादा जरा गप्प झाला, वहिनी नाही झाल्या, त्या म्हणाल्या "मला वाटलंच होतं ओ भाऊजी, पोती मोजत होते की मी."

आता नियम.

यांना भीती जीएसटीची. कारण त्याच जुलैमध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, वहिनींचे पाहुणे विजापूरकडचे, तिकडं "यूपीआय नाही, कॅश द्या" असे बोर्ड लागले म्हणून फोनवर फोन. आणि कापलेल्या मालाचे बहुतेक पैसे वहिनींच्या फोनवरच आलेले. तर साधं सांगायचं म्हणजे जिवंत कोंबडीवर जीएसटी शून्य. ताज्या किंवा नुसत्या थंड केलेल्या चिकनवर पण शून्य. कोंबडीखाद्यावर शून्य. कोंबडी कापून देण्याच्या कामावर सुद्धा जीएसटी माफ आहे. ५ टक्के लागतो तो चिकन गोठवून, आधीच पॅक करून, वर लेबल लावून विकलं तर. वहिनी पातळ पिशवीत समोर वजन करून देत होत्या, ते यात बसत नाही. आणि नोंदणीची हद्द मालासाठी वर्षाला ४० लाख, त्यातही ज्याचा सगळाच माल माफीतला आहे त्याला नोंदणी लागतच नाही. कर्नाटकातल्या नोटिसा त्या ४० लाखाच्या वर जमा दिसलेल्यांना होत्या. वहिनींची वर्षभराची विक्री पाच बॅच धरल्या तरी अडीच लाख. यूपीआय बिनधास्त घ्या म्हणलं, उलट त्याचा पुढं एक फायदाच आहे, सांगतो.

दादाला इन्कम टॅक्सची भीती नव्हती, त्याच्याकडं उलटी गोष्ट होती. जुलैमध्येच राज्य सरकारनं पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा द्यायचा निर्णय घेतला, दादानं मोबाईल माझ्यासमोर धरला, "आता शेती झाली ही, शेतीला टॅक्स नसतो." अर्धं बरोबर. तो निर्णय वीजदर, कर्जाच्या व्याजाची सवलत, ग्रामपंचायतीचा कर असल्या गोष्टींसाठी आहे आणि मांसल कोंबड्यांना २५ हजार पक्ष्यांपर्यंत आहे. पण इन्कम टॅक्स केंद्राचा कायदा. तिथं शेतीचं उत्पन्न म्हणजे जमिनीत मशागत करून काढलेलं. जमिनीशी नुसता संबंध आहे म्हणून एखादा धंदा शेती होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९५७ मध्ये राजा बिनॉय कुमार सहस रॉय यांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय आणि अजून तेच चालतं. कोंबडीला घरचा मका घातला तरी पोल्ट्रीचा नफा धंद्याचाच. मका बाजारात विकला असता तर तो शेतीचा. दादाला हे पटलं नाही, पण कायद्याला दादाचं पटायची गरज नाही.

बरं, धंद्याचं उत्पन्न धरलं तर टॅक्स किती? धंदा कुणाच्या नावावर, वहिनींच्या, कारण कष्ट त्यांचे आणि पैसे त्यांच्या खात्यात. पण भांडवल दादाचं. नवऱ्यानं दिलेल्या पैशातून बायकोनं धंदा केला तर त्या पैशाच्या प्रमाणातला नफा नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात, क्लबिंग म्हणतात त्याला, आणि हे आपल्याकडं घरोघरी दुर्लक्षित असतं. इथं धरलं तरी काय, दादाचा पगार ३ लाख ४०, त्यात वर्षाच्या पाच बॅचचे १५-२० हजार घाला. २०२५-२६ ला नवीन पद्धतीत ४ लाखापर्यंत करच नाही आणि १२ लाखापर्यंत रिबेटनं (करातली सूट) कर शून्य होतो. म्हणजे क्लबिंग आहे, कर नाही. पगार १३-१४ लाख असलेल्या माणसानं बायकोच्या नावावर मोठं शेड टाकलं तर मात्र हाच मुद्दा पैशात मोजावा लागतो, तेव्हा बायकोला लेखी कर्ज म्हणून पैसे द्यावेत, फुकट देऊ नयेत. ज्वारीचं उत्पन्न पण असंच, करमाफ आहे पण बाकीचं उत्पन्न ४ लाखाच्या वर गेलं की कराचा दर ठरवताना ते हिशोबात घेतात. यांना लागू नाही, पुढं जाऊ.

रिटर्न भरायची यांच्यावर सक्ती नव्हती. मी तरी भरा म्हणलं. छोट्या धंद्याला अंदाजे नफ्याची सोय आहे, ४४एडी, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून-यूपीआयनं आलेल्यावर ६ टक्के नफा दाखवायचा, वह्या ठेवायची कटकट नाही. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे नंबर बदलले.) यूपीआयचा फायदा म्हणलो तो हा. गंमत अशी की यांचा खरा नफा ५०,२८० वर २,७६०, म्हणजे साडेपाच टक्के, कायद्यानं गृहीत धरलेल्यापेक्षा कमी. सरकारला वाटतं कोंबडीवाला यापेक्षा जास्त कमावत असेल. कर शून्यच असल्यामुळं मी ८ आणि ६ नंच दाखवायचं ठरवलं, त्यानं वहिनींच्या नावावर एक धंदा कागदावर दिसतो आणि उद्या बँकेत किसान क्रेडिट कार्ड मागायला गेल्या तर दाखवायला काहीतरी असतं. पशुपालनाला पण केसीसी मिळतं, २०१९ पासून, खाद्य-पिल्लांच्या खेळत्या भांडवलासाठी. दादा ज्या २५ लाखांच्या सबसिडीचे रील बघत होता ती यांच्यासाठी नाही, राष्ट्रीय पशुधन अभियानातली ती योजना आहे आणि त्यात गावरान पद्धतीच्या जातीचे कमीत कमी १००० पेरेंट पक्षी (ज्यांच्या अंड्यांतून पिल्लं काढतात ते), अंडी उबवायची हॅचरी, पिल्लं वाढवायचं युनिट लागतं. ब्रॉयलर वाढवून विकायला ती मिळत नाही. रीलवाले हे शेवटच्या सेकंदाला पण सांगत नाहीत.

एक रोखीचं पण सांगून टाकतो. वह्या ठेवून पूर्ण हिशोबानं रिटर्न भरायचं असेल तर एका दिवसात एका माणसाला १० हजाराच्या वर रोख दिलेला खर्च धरत नाहीत. दादानं खाद्यवाल्याला एकरकमी १६ हजार कॅश दिले होते, ते गेले असते. उलट व्यापारी जेव्हा कोंबडी वाढवणाऱ्याकडून थेट माल घेतो तेव्हा त्याला रोखीची सूट आहे. त्यामुळं "कॅशच देणार, नियम आहे तसा" असं व्यापारी सांगत असेल तर तो नियम त्याच्या सोयीचा आहे, तुमच्यावर बंधन नाही, खात्यावर मागा.

आता सुरीचं.

अन्नसुरक्षा कायद्यात, २००६ चा, 'अन्न' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि जिवंत जनावर त्यातनं वगळलेलं आहे, जोपर्यंत ते खाण्यासाठी बाजारात आणायला तयार केलेलं नाही तोपर्यंत. म्हणजे वहिनींनी शेजारणीला जिवंत कोंबडी पाय बांधून दिली तोपर्यंत त्या या कायद्यात येतच नाहीत. तीच कोंबडी कापून पिशवीत घातली की त्या अन्न व्यावसायिक झाल्या आणि नोंदणी नसेल तर बेकायदा. माणूस तोच, कोंबडी तीच. ४० पक्षी एका बाजूला आणि ९० पक्षी दुसऱ्या बाजूला. यांनी सगळ्यात जास्त पैसे जिथं मिळवले नेमकं तिथंच एकही कागद नव्हता.

नोंदणी अवघड नाही हो. २०२५ ला छोट्या व्यावसायिकाची हद्द वर्षाला १२ लाखापर्यंत उलाढाल होती, फॉस्कॉसच्या (अन्नसुरक्षा नोंदणीच्या सरकारी) साईटवर फॉर्म, फोटो, आधार, वर्षाची फी १०० रुपये. कापण्याची हद्द दिवसाला ५० पक्षी होती. आणि आता २० जुलैचा रविवार आठवा, ६२ पक्षी. ५० च्या वर गेलं की नुसती नोंदणी पुरत नव्हती, राज्याचा परवाना लागायचा. वर्षातनं एक दिवस जास्त कापलं म्हणून कोण बघायला येतंय, असं दादा म्हणाला. आला की बघायला. अधिकारी नाही, शेजारी. पिसं आणि आतडी गटारीत टाकली होती त्या पोरानं, दुसऱ्या दिवशी पाऊस, गटार तुंबली, कुत्री गोळा झाली, आणि शेजाऱ्यानं ग्रामपंचायतीत तोंडी तक्रार केली. सदस्य घरी येऊन समजावून गेले, प्रकरण तिथंच मिटलं, पण लेखी गेलं असतं तर पहिला प्रश्न तुमच्याकडं कापायची परवानगी आहे का हाच आला असता. महापालिका हद्दीत तर चिकन-मटणाच्या दुकानाला महापालिकेचा परवाना वेगळाच लागतो, तिथं घराच्या अंगणात कापून विकायचा विचार पण नको.

वजनकाटा राहिला. वहिनींनी ऑनलाईन मागवलेला स्वयंपाकघरातला काटा वापरला, चारशे-पाचशे रुपयाचा. विक्रीसाठी काटा वैधमापनवाल्यांचा (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) शिक्का मारलेलाच लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याचं प्रमाणीकरण दरवर्षी. कोंबडी विकणारा दहापैकी एक तरी हे विचारत असेल असं मला वाटत नाही, आणि तपासणीत नेमका हाच दंड पहिला होतो.

कशाकशाची काळजी करायची नाही ते पण सांगतो म्हणजे उगाच झोप जायला नको. प्रदूषण मंडळाचे अंतराचे नियम, वस्तीपासून ५०० मीटर वगैरे, ते ५ हजार पक्ष्यांच्या पुढच्या फार्मसाठी, आणि मंडळाची संमती २५ हजाराच्या वर. २०० पक्ष्यांना ते लागू नाहीत. लाईटचं असं की महावितरणच्या दरपत्रकात पोल्ट्रीचा 'कृषी इतर' म्हणून वेगळा वर्ग आहे, पण दोन आठवडे दोन-चार बल्ब जाळायला वेगळं मीटर घेण्यात अर्थ नाही, त्याचा स्थिर आकारच बल्बापेक्षा जास्त पडेल. शेड कायम झालं, दर दोन महिन्याला बॅच पडायला लागली, मग बघा.

दुसऱ्या बॅचला काय केलं ते थोडक्यात. नवरात्र २२ सप्टेंबरपासून, दसरा २ ऑक्टोबरला. नवरात्रात तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचा आपला भाग, त्या दिवसात चिकनचं नाव नाही, आणि दसरा झाला की लगेच उठाव. म्हणून पिल्लं २५ ऑगस्टला, आणि २०० नाही, १५०. वहिनींनी नोंदणी काढून घेतली. कापायचं काम घरी बंद. रस्त्यावरच्या एका परवानाधारक चिकन दुकानदाराशी ठरलं, पक्ष्याला ३० रुपये, त्याच्याच शिक्क्याच्या काट्यावर वजन, घाण त्याची जबाबदारी. पाच रुपये महाग पण गटार तुंबायची भानगड गेली आणि दोन माणसं कापायला असल्यामुळं गिऱ्हाईक थांबत नाही. दादा म्हणाला मग नोंदणी कशाला, दुकानदाराची आहे की. तर नाही, चिकन वहिनी स्वतः विकतायत, पैसे त्यांना येतायत, म्हणजे विक्रेत्या त्याच. कापणाऱ्याचा कागद कापण्यापुरता. आणि मुख्य म्हणजे बुकिंग, पक्ष्याला ५० रुपये आधी यूपीआयनं, नाही दिले तर नाव वहीत नाही.

आणि सप्टेंबरच्या शेवटी सीनेला जो पूर आला त्यात ही बॅच सापडली. गाव नदीपासून लांब, पाणी घरात आलं नाही, पण आठ दिवस ओल, शेडात भुसा चिखल झाला, पक्ष्यांना रक्ती हगवण लागली. १५३ पैकी १७ मेली. औषध २,२००, भुसा एकदा पूर्ण बदलला, पोतं २,०८० झालेलं. खर्च कापणीपर्यंत ३३,०००, पक्ष्यामागं जवळजवळ २४३, पहिल्या बॅचला २२२ होता. तरीपण ११० पक्षी कापून २४० रुपये किलोनं गेले, ३५,६४०, वीस जिवंत ५,४००, सहा घरी. खत ओलं म्हणून कुणी नेलं नाही. कापणावळ-पिशव्या ४,१८० जाऊन हातात राहिले ३,८६०. पक्षी कमी, मर जास्त, खत शून्य, आणि पैसे पहिल्यापेक्षा हजारानं जास्त, कारण व्यापाऱ्याच्या दारात एकही पक्षी गेला नाही.

मजुरी अजून पण यात नाही. पाच बॅचनंतर वहिनींना तासाला किती पडतात ते काढायचंय, त्यांनीच सांगितलंय काढायला, वहीत त्या आता रोजचे तास पण लिहायला लागल्यात. पुढची पिल्लं २०२५ च्या २० नोव्हेंबरच्या आसपास टाकायची ठरली, ३१ डिसेंबर बुधवारी होता म्हणून. मधे मार्गशीर्षातले गुरुवार येत होते पण तेव्हा पिल्लं लहानच असणार होती, त्याची अडचण नव्हती. दादाचं म्हणणं होतं थर्टी फर्स्टला तीनशे टाकू, शेड वाढवू, वहिनी म्हणत होत्या वहीत जेवढी नावं ५० रुपयासकट येतील तेवढीच टाकायची आणि वर दहा घरासाठी. थंडीत उबेचा खर्च वाढणार होता, बल्ब तीन आठवडे जाळावे लागणार होते, तो मी अंदाजात १,६०० धरून दिला.